सांजवेळची भूक

संध्याकाळच्या आंजेलसची घंटा आमच्या चर्चमध्ये सात वाजता होते. माझ्या पोटातील घंटा तिच्याआधी तास-दीड तास वाजू लागते, आणि पहिलीपेक्षा दुसरीचा आवाज मोठा असतो, हे कबूल करताना धर्मगुरू म्हणून संकोच वाटतो. परंतु ज्याने जवळजवळ तीस वर्षे दर उपवासकाळात लोकांना उपवासाचे महत्त्व सांगितले, त्याला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी भूक म्हणजे काय हे नव्याने शिकावे लागले, ही हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटली. म्हणून हा लेखप्रपंच.

झाले ते असे. गेल्या पावसाळ्यानंतर रक्त तपासून घेतले, तेव्हा साखर वाढलेली निघाली. वजन 91 किलो भरले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘फादर, घरात कुणाला मधुमेह होता का?’’ होता. माझ्या वडिलांना होता. आधी त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला. अखेरची चार वर्षे ते ओटीवर बसून केळीच्या वाडीकडे पाहत असत आणि पाणी कोण सोडते आहे, एवढेच विचारीत. डॉक्टरांना मी नुसते ‘‘होय’’ म्हणालो. त्यांनी गोळी लिहून दिली आणि मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविले.

बाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी दिवसाला 1500 कॅलरींची मर्यादा घालून दिली आणि एक वही करायला सांगितली. जे तोंडात जाईल, ते वहीत उतरले पाहिजे. शाळेत आपण शिकलो ती कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविणारी उष्णता. आहारातील कॅलरी तिच्या हजारपट. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात चार कॅलरी, एक ग्रॅम स्निग्धात नऊ. हे नऊचे गणित कळल्यावर स्वयंपाकघराकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम 15 कॅलरी, तर चहाचा एक चमचा तेल 40 च्या वर. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीसेक ग्रॅम, 170 च्या घरात. आणि शेंगदाणे मूठभर खाऊन थांबणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

मी हिशेबाला पक्का आहे असा माझा समज होता. पॅरिशचे जमाखर्च मीच पाहतो. तेव्हा मी युक्ती योजिली: सकाळी फक्त चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी अर्धी भाकरी आणि थोडी भाजी. साडेपाचला वही उघडावी, तर पाचशेदेखील खर्ची पडलेल्या नसत. शिल्लक पाहून मी खूश होत असे. परंतु धर्मगुरूचा खरा दिवस संध्याकाळीच सुरू होतो. माणसे कामावरून घरी येतात ती तेव्हाच. मिस्सा, मग आजाऱ्यांच्या भेटी, कुणाकडे रोझरी, कुणाकडे घराचा आशीर्वाद. आणि आपल्या घरांतून फादरना रिकाम्या तोंडी पाठविण्याची रीत नाही. सुकेळी, केक, केळ्याचे वेफर्स, दूध-साखर घातलेला चहा. ‘‘फादर, एवढंसं तरी घ्या.’’ चार घरांतले एवढेएवढेसे मिळून जे होते, ते साडेनऊला परत येईपर्यंत मी विसरलेला असे. मावशी सातलाच जेवण झाकून घरी गेलेल्या असतात. ते जेवण मी जेवत असे. त्यानंतर फ्रीज उघडून त्याच्या उजेडात उभा राहत असे.

आणि वहीत लिहीत असे: ‘थोडे शेंगदाणे.’

हे ‘थोडे’ मला कोठे भेटले होते, याची आठवण व्हायला वेळ लागला नाही. पापनिवेदनाला बसले की तो शब्द पुष्कळदा कानी पडतो. ‘‘थोडं खोटं बोललो, फादर.’’ गंभीर पाप असेल तर ते कोणते आणि किती वेळा हे सांगावे, असा चर्चचा नियम आहे. आम्हीही सौम्यपणे विचारतो, ‘‘किती वेळा, बाळा?’’ मला मात्र विचारणारे कोणी नव्हते. दीड महिन्यानंतर बाईंनी मला काट्यावर उभे केले. वजन तसूभर हलले नव्हते. त्यांनी वही चाळली, काट्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘फादर, वही खरी की काटा?’’

मी सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या मते चूक संध्याकाळची नव्हतीच, सकाळची होती. दिवसभर उपाशी ठेवलेला देह रात्री सव्याज वसुली करतो. त्यांनी वेळापत्रक उलटे केले. सकाळी भाकरीबरोबर अंडे, दुपारी मासे किंवा डाळ घेऊन पोटभर जेवण, साडेपाचला ठरलेल्या दीडशे कॅलरी, घरभेटीला निघण्यापूर्वी, आणि रात्रीचे जेवण आठच्या आसपास. माझे दीडशे म्हणजे एक उकडलेले अंडे, एक काकडी आणि पाण्यासारखे पातळ ताक. पोटात प्रथिने असली की समोरच्या बशीतील केक पाहता येतो. न पाहिल्यासारखे करावे लागत नाही.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. 2013 साली अमेरिकेतील संशोधकांनी बारा जणांना मंद उजेडात, घड्याळाविना ठेवून त्यांची भूक मोजली. झोप आणि जेवण कसेही वाटून दिले, तरी देहाच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त भरली. शिवाय जठरातून पाझरणारे घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक आहे. 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. ते नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते आणि त्या वेळी काही मिळाले नाही, तरी पुढे आपोआप ओसरते. सेमिनरीत साडेपाचला चहाची घंटा होत असे. ती सोडून मला तीन दशके होत आली. पण जठराला अद्याप कुणी कळविलेले दिसत नाही. हे ऐकून मला हायसे वाटले. इतके महिने मी त्या भुकेला माझा दुबळेपणा समजत होतो.

गंमत अशी की आमच्या पूर्वसुरींना ही सांजवेळची भूक चांगली ठाऊक होती. बेनेडिक्टाइन मठांत संध्याकाळी संत कॅसियन यांचा ‘कोलात्सियोनेस’ हा ग्रंथ मोठ्याने वाचीत. उपवासाच्या दिवशी त्या वाचनाच्या वेळी जे थोडेसे खायला मिळू लागले, त्यालाच पुढे ‘कोलेशन’ हे नाव पडले. मग प्रश्न आला, थोडेसे म्हणजे किती? नीतिशास्त्राच्या पंडितांनी आठ औंसांची मर्यादा सांगितली; म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. सतराव्या शतकात तर चॉकलेटचे पेय घेतल्याने उपवास मोडतो की नाही यावर ग्रंथ लिहिले गेले, आणि कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी मोडत नाही असा निर्वाळा दिला. सेमिनरीत या वादांना आम्ही हसत असू. आज काटा घेऊन काकडी तोलताना त्या पंडितांविषयी मला बंधुभाव वाटतो. आजच्या नियमानुसार राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी एकदाच पूर्ण जेवायचे, आणि हे बंधन वयाची 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत आहे. म्हणजे मला अजून दोन वर्षे सुटका नाही. मात्र मधुमेह्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवास करू नये, हे आता मी वेदीवरून आवर्जून सांगतो. पूर्वी सांगत नसे, ही माझी चूक.

वजन आता 84 आहे. परंतु साडेनऊची भूक पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही. आठला जेवून, पोट भरलेले असताना, दिवे मालवलेल्या त्या मोठ्या घरात शिरलो की हात फ्रीजच्या दांडीकडे जातो. तिला कॅलरी पुरत नाहीत, हे मला कळते. तिच्यावर बाईंच्या तक्त्यात काही नाही.

आमच्या धर्मग्रामात ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. मुले परदेशी. मी वही सुरू केल्यावर त्यांच्याकडचे खाणेही बंद केले. बशी पुढे आली की हात जोडायचे. दोन महिन्यांनी पाहिले, तर आजी निम्म्या झालेल्या. विचारले, तर म्हणाल्या, ‘‘फादर, संध्याकाळी एकटीला घास उतरत नाही. तुम्ही आलात की तुमच्याबरोबर दोन घास जायचे.’’

काय बोलावे ते सुचेना. बाईंना फोन करून मी आठवड्याचा हिशेब पुन्हा मांडून घेतला. आता दर गुरुवारी आठ वाजता माझे रात्रीचे जेवण आजींकडे असते: तांदळाची एक भाकरी, बोंबलाचे कालवण, कोशिंबीर. केक नाही, तो त्यांनीच बंद केला. परवा मी वही काढली, तशी त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिले.

‘‘किती झाले?’’

‘‘चारशेच्या आसपास.’’

‘‘आणि माझे?’’

त्यांनी दीड भाकरी खाल्ली होती. मी वहीचे शेवटचे पान उघडले, वर त्यांचे नाव घातले आणि आकडा मांडला. त्यांनी तो पाहिला आणि उरलेली अर्धी भाकरी ताटात घेतली.