आकडा आम्ही सांगितला होता

आमच्या वडवणीत कोणाचा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला, की सलाम-दुआ झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "पॅकेज किती?" २०२२ साली हा प्रश्न आम्हा दोघांना फार गोड वाटायचा. थोरल्याला शेवटच्या वर्षातच नोकरीचे पत्र मिळाले होते. आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले आणि आकडा कोणी न विचारताही सांगितला.

मग रुजू होण्याची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. दहा महिन्यांनी कंपनीने पत्रच मागे घेतले. मुलगा घरी आला. लग्नकार्याला जाणे त्याने सोडले, कारण तिथे तोच प्रश्न. आम्हीही रोज दस्तरखानावर विचारायचो, "काही मेल आला का?" एकदा अर्ध्या जेवणावरून उठत तो म्हणाला, "अब्बा, आकडा तुम्ही सांगितला होता, मी नाही."

बोल लागले, पण खरे होते. या धंद्याची चढउतार आम्ही कधी समजूनच घेतली नव्हती. १९९९ मध्ये संगणकातील दोन अंकी वर्षाची अडचण दुरुस्त करायला जगाला प्रोग्रामर हवे होते. आपली कितीतरी मुले परदेशी गेली. दोन वर्षांत अमेरिकेत मंदी आली आणि मागणी ओसरली. कोरोनाकाळात कामकाज ऑनलाइन झाले, भरती पुन्हा वाढली, पुन्हा थांबली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साधा कोड यंत्रही लिहू लागले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

आपल्या भागाला हे कळायला अवघड नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी फडात हार्वेस्टर पाहिले आहे. यंत्र आले म्हणून ऊस संपला नाही. पण ज्याच्या हाती फक्त कोयता, त्याला झळ आधी बसली.

थोरल्याने घरी बसून इथल्या एका खत-बियाण्याच्या दुकानासाठी साठा आणि उधारीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केला. रात्री तो सायबर सुरक्षा शिकला. पुढे मुलाखतीत पदवीपेक्षा त्या दुकानाच्या कामावरच जास्त प्रश्न आले. आज तो पुण्यात एका लहान कंपनीत आहे. पगार त्या पत्रातल्या आकड्याहून कमी आहे, पण तो घरी आला की पोटभर जेवतो.

यंदा धाकटी बारावी झाली. तिलाही कॉम्प्युटरच घ्यायचे आहे. नातेवाईक म्हणतात, "आता त्यात काही राहिलं नाही." आम्ही थोरल्याला विचारले. तो म्हणाला, "आवड असेल तर शिकू द्या. गणित पक्कं करायला सांगा. आणि पगाराच्या भरवशावर कर्ज काढू नका."

परवा तिच्या खालाने विचारलेच, "यात पॅकेज किती मिळतं?"

आम्ही म्हणालो, "अजून शिकायचंय तिला. दुआ करा."