आपलाच पूर्वपक्ष

नीळकंठशास्त्री गोरे यांची दोन पुस्तकं मी एकापाठोपाठ वाचली आणि मग बरेच दिवस दुसरं काही वाचवेना. पहिलं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. ते संस्कृतात आहे, १८४४-४५च्या सुमाराचं, आणि त्यात ख्रिस्ती धर्माचं खंडन आहे. दुसरं ‘षड्दर्शनदर्पण’, हिंदी, १८६० सालचं. त्यात आपल्या सहा दर्शनांचं खंडन आहे. लेखक एकच. मधल्या काळात त्याने बाप्तिस्मा घेतला होता आणि नीळकंठचा नेहेम्या झाला होता.

धर्मांतरं पुष्कळांनी केली. पण आपल्याच जुन्या ग्रंथाला पूर्वपक्ष करून त्याला उत्तर देत बसायची पाळी फार थोड्यांवर आली. कीर्तनात बुवा पूर्वपक्ष मांडतात तेव्हा तो खोडण्यासाठीच मांडलेला असतो, हे श्रोत्यांना ठाऊक असतं. इथे तसं नाही. इथे पूर्वपक्षही जीव तोडून लिहिलेला आहे.

गोरे चित्पावन. जन्म १८२५चा, झाशीजवळच्या गावातला, वाढले काशीत. व्याकरण आणि न्याय शिकले. पर्वतावर धूर दिसतो, त्याअर्थी तिथे अग्नी आहे, हे ज्याने लहानपणी घोकलं त्याला पुढे ‘कशावरून?’ हा प्रश्न सोडत नाही. घरचा देव शंकर, पण हा मुलगा आपल्या विचाराने विष्णुभक्तीकडे वळला होता. म्हणजे घरातलं उपास्य बदलण्याइतकी बंडखोरी त्याच्यात मिशनरी भेटायच्या आधीपासून होती. धर्मांतरामागे आमिषच शोधणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

जॉन मूर हा कंपनी सरकारचा अधिकारी आणि संस्कृतचा चांगला जाणकार. त्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ लिहिली. खरा धर्म ओळखायचा कसा, याच्या कसोट्या त्यात गुरुशिष्यसंवादातून सांगितल्या होत्या, आणि त्या कसोट्यांना फक्त ख्रिस्ती धर्म उतरतो असा निष्कर्ष होता. तीन पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरं दिली. त्यांतला सर्वांत तिखट विशीतला नीळकंठ. गंमत अशी की या वादात बुद्धीची बाजू पाद्र्यांच्या पक्षाकडे होती आणि श्रद्धेची शास्त्र्याकडे. मूर म्हणतो, शास्त्र बुद्धीला घासून पाहा. नीळकंठ विचारतो, तुमच्या बुद्धीला प्रमाणपत्र कुणी दिलं? तर्काने शास्त्राच्या मागून चालावं; पुढे गेला की तो वाट्टेल तिथे नेतो.

असं बजावून हा मुलगा लगेच तर्कानेच भांडायला उतरतो, आणि काय भांडतो! तुमचा देव जीवाला नव्याने निर्माण करतो. मग एक जन्मतः आंधळा का आणि एक धडधाकट का? त्याने अजून काहीच केलेलं नाही. आमच्याकडे निदान पूर्वकर्म तरी आहे. पशूंनी कुठलं पाप केलं म्हणून ते हाल सोसतात? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या चुकीला कधीच न संपणारा नरक, हा न्याय कुठला?

मी ही पानं वाचत होतो तेव्हा मला एका मित्राचं घर आठवत होतं. त्याची तीन वर्षांची मुलगी गेली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती, कोपऱ्यात तिची छोटी सायकल तशीच होती, तिच्या हँडलला कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. नात्यातले एक वयस्क गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले, “पूर्वजन्मीचं काही असेल बाबा.” मित्र काही बोलला नाही. थोड्या वेळाने शेजारचे एक ख्रिस्ती गृहस्थ आले, त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “देवाची मर्जी.” तरीही तो काही बोलला नाही. दोघेही चांगलेच होते. विशीतला नीळकंठ पहिल्याच्या बाजूने उभा राहिला असता आणि पस्तिशीतला नेहेम्या दुसऱ्याच्या, एवढं मला नंतर उमगलं. त्या खोलीत दोन्ही उत्तरांनी काही हललं नव्हतं, हे मात्र मी पाहिलं आहे.

काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे शास्त्री गेले ते त्याला हरवायला. वाद लांबला, मग वाचन लांबलं. १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही काशीत नव्हे, जौनपूरला. बायको लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याबरोबर आली, पण १८५३ साली गेली. मागे तान्ही मुलगी राहिली, एलन. ती इंग्रज कुटुंबांत वाढली. पुढे इंग्रजी प्रार्थनागीतांची कवयित्री म्हणून तिने नाव मिळवलं. बापाच्या तर्काचा तिच्या गीतांत मागमूसही नाही, याचं मला बरं वाटतं.

‘षड्दर्शनदर्पण’चं इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने १८६२ साली केलं आणि नावातच ‘रॅशनल रेफ्युटेशन’ हे शब्द घातले. हॉलने खाली संस्कृत उताऱ्यांच्या टिपा दिल्या आहेत, बारीक टाइपात. काही पानांवर मजकुराहून टीपच जास्त बोलते. गोरे यांचा मूळ सूर मात्र साधा आहे. पंडिताशी पंडित बोलावा तसा, नव्या पाद्र्याचा आवेश फारसा नाही.

वेदान्तावरचा त्यांचा हल्ला मला पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग वाटतो. जग मिथ्या, अज्ञानामुळे भासणारं. बरं, मग अज्ञान खरं की मिथ्या? खरं म्हणाल तर ब्रह्माखेरीज दुसरी वस्तू मान्य केलीत. मिथ्या म्हणाल तर जे नाहीच त्याने जग कसं भासवलं? व्यावहारिक सत्ता नावाची मधली खोली बांधून वेदान्ती तिच्यात जाऊन बसतो. गोरे तिचं दार वाजवत राहतात. शिवाय ब्रह्म ज्ञानरूप म्हणता, पण ते कशालाच जाणत नाही. कशाचंही नसलेलं ज्ञान हे ज्ञान कसं? आणि ब्रह्माला अज्ञान शिवतच नसेल, तर सुटायचं कुणी? शंकराचार्यांच्या परंपरेत या प्रश्नांची उत्तरं आहेत, शंकाही नवी नाही. रामानुजांनीही जवळपास हेच विचारलं होतं. पण हे प्रश्न इतक्या सरळ हिंदीत कुणी विचारले की अडखळायला होतं.

माझी तक्रार पुढे आहे. ज्या धारेने त्यांनी निर्गुण ब्रह्म कापलं, तीच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्यावर का नाही चालवली? एक असून तीन कसे, हे विचारायला न्यायशास्त्र तर हाताशीच होतं. पशूंच्या दुःखाचा आपलाच जुना सवाल समोर आला तेव्हा ते सांगतात की प्रत्येक दुःख शिक्षाच असते असं नाही, आणि ईश्वराचे सगळे हेतू माणसाच्या बुद्धीला कळावेत असंही नाही. हे ऐकताना कान टवकारतात. तर्काने शास्त्राच्या मागून चालावं, हे विशीतलंच सूत्र! शास्त्र बदललं, सूत्र तेच राहिलं. १८८२ साली ‘थीइझम अँड ख्रिश्चॅनिटी’ लिहून त्यांनी ब्राह्मसमाजाच्या धाटणीच्या विचारवंतांनाही हेच बजावलं. केवळ बुद्धीने देवापर्यंत पोचलो म्हणता, पण तुमचा दयाळू पिता, तुमचं पाप, तुमची प्रार्थना हे सारं ख्रिस्ती शिकवणुकीतून आलेलं आहे. हा आरोप त्या समाजातल्या मंडळींना झोंबावा असाच होता, कारण तो अगदीच खोटा नव्हता.

पण त्यांचं चरित्र वाचलं की या तक्रारीची धार बोथट होते. शंकेने त्यांना जन्मभर सोडलं नाही. अनंत नरकाचा काटा तर बाप्तिस्म्यानंतरही सलत राहिला. त्या सिद्धान्ताचं समर्थन करायला त्यांना स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली, आणि ती मूरला दिलेल्या आपल्याच उत्तराला दिलेलं उत्तर वाटते. शीख राजघराण्यातल्या महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डचा संस्कृतज्ञ मॅक्समुल्लर याने त्यांची आठवण लिहून ठेवली आहे. ख्रिस्ती देशात ख्रिस्ती आचार दिसेल या आशेने आलेला हा माणूस लंडन पाहून पार खचला होता. देशाकडे पाहून धर्म तोलायचा नसतो, हे त्यांना तर्काने ठाऊक असणारच. तरी खचले. पुढे धर्मगुरू झाले, ऑक्सफर्डजवळच्या काउली मठात उमेदवारी केली, आणि १८९५ साली मुंबईत वारले. इतकं तर्कशुद्ध लिहिणारा माणूस इतका अस्वस्थ, हे पाहून मला तो जवळचा वाटू लागला. शंका संपल्या म्हणून त्याने विश्वास ठेवला नव्हता. शंकांसकट ठेवला होता.

गोरे यांच्या लेखनाचा सर्वांत मोठा परिणाम एका मराठी बाईवर झाला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात, वाँटेज इथे, बाप्तिस्मा घेतला. आपलं मन वळण्यात गोरे यांच्या लिखाणाचा वाटा होता हे त्यांनी स्वतः कृतज्ञतेने सांगितलं आहे. मात्र शास्त्र पुढे आणि तर्क मागे ही गुरूची शिस्त त्यांनी घेतली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नाहीत. त्रैक्याबद्दल विचारतात, बिशपच्या अधिकाराबद्दल विचारतात, आणि इथल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात मान घालायला नाही, असं स्पष्ट लिहितात. गोरे यांनी जी धार आपल्या नव्या धर्मावर चालवायची टाळली, ती रमाबाईंनी चालवली आणि तरीही विश्वास सोडला नाही. माझ्या मते या वादातला खरा उत्तरपक्ष त्यांचाच.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली उज्जैनहून छापला गेला, आणि रमाबाईंची पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी आधी तो संस्कृत ग्रंथ, मग ‘षड्दर्शनदर्पण’ आणि शेवटी ही पत्रं, अशा क्रमाने वाचावं. कुठल्याही एकावर थांबू नये.