खंडूच्या नावे

कुत्र्याचे पिल्लू घरात आणण्याचा प्रश्न निघाला की प्रथम रुपयांचा हिशेब होतो, आणि तो जमला म्हणजे विषय मिटला अशी घरोघर समजूत असते. वास्तविक ज्या बाबी रुपयांत मांडता येतात त्या या व्यवहारातील सर्वांत हलक्या बाबी होत, आणि ज्या खरोखर जड असतात त्या कोणत्याही वहीत उतरत नाहीत. आमच्या पनवेलच्या जुन्या घरात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खतावणीत खंडूच्या नावे एक स्वतंत्र पान उघडले होते, आणि मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या त्या गृहस्थांनी लस, पट्टा, साखळी, किंबहुना त्याने फोडलेली चिनी मातीची बरणीसुद्धा तारीखवार टिपून ठेवली होती. तरीही खंडूने आमच्याकडून काय घेतले आणि आम्हांस काय दिले, याचा त्या पानावरून कोणासही बोध व्हावयाचा नाही.

१९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, त्याच पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने स्टेशनाबाहेर भिजत पडलेले एक पिल्लू शर्टाच्या आत धरून घरी आणले. त्याची आई महामार्गावर मालमोटारीखाली सापडली होती, एवढीच त्याची पूर्वपीठिका. आईने त्या दोघांना उंबऱ्यातच थोपविले, कारण तिच्या माहेरी एका मुलास पिसाळलेले कुत्रे चावले होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या पोटात टोचलेली चौदा इंजेक्शने ती जन्मात विसरली नव्हती. अण्णांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी कागद मागविला, दौत पुढे ओढली आणि आपल्या वळणदार अक्षरात एक कबुलायत लिहून काढली. तिची कलमे तीन होती: दरसालची लस चुकणार नाही, या घराला रात्रीचे कुलूप कधी लागणार नाही, आणि जनावर म्हातारे झाले, आंधळे झाले, जागच्या जागी घाण करू लागले, तरी त्यास दाराबाहेर काढले जाणार नाही. खाली भावाने सही केली, आणि जामीन म्हणून मी.

एका कुत्र्यासाठी इतका दस्तऐवज कशाला, असे आईने विचारले, तेव्हा अण्णांनी तिला महाभारताच्या आरंभीची सरमेची कथा सांगितली. जनमेजयाच्या यज्ञभूमीत सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की त्यास जिभेचा स्पर्श केला नाही, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. आणि माझ्या निरपराध पोरास का मारलेत, या सरमेच्या प्रश्नास कोणी उत्तर दिले नाही, म्हणून तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल असा शाप तिने दिला. सम्राटाच्या घराला जे पचले नाही ते आपल्या घराला काय पचणार, असे म्हणून अण्णांनी पुढे कायद्याचीही बाजू मांडली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, किंवा सबळ कारणावाचून त्यास सोडून देणे हा गुन्हा असून, पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये दंड आहे. “सरकारने एवढीच किंमत केली आहे,” अण्णा म्हणाले, “म्हणून उरलेली आपण करायची.”

त्या उरलेल्या किमतीचा पहिला हप्ता दुसऱ्या कलमाने वसूल केला. घराला कुलूप लागणार नाही याचा अर्थ असा, की त्या दिवसापासून आम्ही चौघे मिळून कोठेही गेलो नाही. अलिबागेस मावसबहिणीचे लग्न झाले तेव्हा आई मागे राहिली. कुलदैवताच्या दर्शनास मंडळी निघाली तेव्हा मी राहिले. आणि त्या वर्षांतील लग्नकार्याची जी छायाचित्रे आमच्यापाशी आहेत त्यांत प्रत्येकात एक माणूस नाही. त्या रिकाम्या जागांकडे पाहिले म्हणजे खंडू कसा वाढला ते मला दिसते.

खंडूच्या बाकीच्या खोड्या कोणत्याही कुत्र्याच्या असाव्यात तशाच होत्या. एक सवय मात्र मी अन्यत्र कोठे पाहिली नाही. आमच्या ओटीवर, जिन्याच्या पायथ्याशी, पायताणांची एक रांग असे. रात्रीची जेवणे आटोपली की खंडू त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जाई, प्रत्येक जोड हुंगे, पाहुण्यांचे जोड वगळी, आणि घरातील चारही माणसांची पायताणे जागेवर असल्याची खात्री झाली म्हणजेच दीर्घ निःश्वास टाकून अंग टाकी. एक जोड जरी कमी असला तरी तो दाराशी जाऊन बसे, आणि ज्याची वाट पाहावयाची तो येईपर्यंत हाकेला, आमिषाला अथवा दटावणीला दाद देत नसे.

हा कमी पडणारा जोड बहुधा माझ्या भावाचा असे, आणि येथे मला घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. अण्णांनी मोठ्या खटपटीने त्याच्यासाठी सरकारी नोकरीची वाट करून दिली होती; ती नाकारून तो गिरगावातील एका छापखान्यात खिळे जुळवावयास गेला, आणि त्या दिवसापासून अण्णा त्याच्याशी बोलेनासे झाले. “त्याला सांग, छत्री न्यायला,” असे ते आईस उद्देशून म्हणत आणि तो तेथेच तीन हातांवर उभा असे. रात्री नऊ वाजता ते दिवा मालवून पडत. कोण आले, कोण राहिले, याची चौकशी करीत नसत. त्या घरात भावाची वाट उघडपणे पाहण्याचा अधिकार एकट्या खंडूने आपल्याकडे घेतला होता.

२६ जुलै २००५ चा दिवस उजाडला तो पावसातच. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली हे आम्हांस पुढे कळले. त्या दिवशी आम्हांस एवढेच ठाऊक होते, की माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी फुगली आहे, आणि आमच्या सखल आळीत पाणी चढते आहे. लोकल बंद पडल्या, दूरध्वनी मुका झाला, वीज गेली. तिन्हीसांजेस पाणी ओटीवर आले तेव्हा आम्ही धान्याचे डबे, देव आणि अण्णांची दप्तरे यांपैकी हाताला लागले ते माडीवर नेले, आणि आईने पायताणांची रांग घमेल्यात भरून वर आणली. खंडूने ती माडीवर हुंगली. भावाचा जोड नव्हता. तो वळला, जिना उतरला, आणि ज्या पायरीला पाणी लागत होते तिच्या वरच्या पायरीवर बसला.

मी हाक मारली, आईने भाकरीचा तुकडा दाखविला. शेवटी अण्णांनी करड्या आवाजात, ज्या आवाजाची अवज्ञा त्याने जन्मात केली नव्हती त्या आवाजात, त्याला वर बोलाविले. तो हलला नाही. पाणी एक पायरी चढे, तेव्हा तोही एक पायरी वर सरके आणि पुन्हा तोंड दाराकडे करून बसे. तेव्हा अण्णांनी कंदील घेतला, धोतराचा सोगा खोचला, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे कठड्याला धरून ते खाली उतरले, आणि त्याच्या मागच्या पायरीवर बसले. मी वरून पाहत होते. बराच वेळ दोघेही निश्चल होते. मग पावसाच्या त्या आवाजातही मला अण्णांचे शब्द ऐकू आले. “येईल रे,” ते त्याच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणत होते, “येईल तो. चालत असेल.” आईने माझा हात धरला. आमच्यापैकी कोणीही त्या रात्री झोपले नाही, आणि अण्णा जिन्यावरून उठले नाहीत.

भाऊ खरोखरच चालत होता. दुसऱ्या दिवशी अस्तमानाच्या सुमारास, वाशीचा पूल पायी ओलांडून, तो चिखलाने माखलेला असा दारात उभा राहिला, आणि खंडू त्याच्या अंगावर असा काही झेपावला की दोघेही ओटीवरच्या गाळात पडले. भावाचे पाय उघडे होते. त्याच्या चपला पुरात गेल्या होत्या. अण्णांनी आपल्या वहाणा रांगेतून उचलल्या, त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हटले, “घाल. पायाला काच लागेल.” मध्ये कोणाचीही योजना न करता त्यांनी त्याला उद्देशून उच्चारलेले ते कित्येक महिन्यांतील पहिले शब्द होते. खतावणी त्या पुरात भिजली आणि शाई पसरून खंडूचे पान वाचण्याजोगे राहिले नाही. ते पुन्हा लिहून काढू का, असे मी विचारले. अण्णांनी नको म्हटले, आणि त्यानंतर खंडूचा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

२००९ साली अण्णा गेले. त्यांच्या वहाणा कोणास तरी देऊन टाकाव्यात असे नातेवाइकांनी सुचविले, परंतु आईने त्या रांगेतून हलविल्या नाहीत. खंडू रोज रात्री त्या हुंगे, सर्वांत अधिक वेळ तेथे थांबे, आणि त्यांच्याशेजारीच आडवा होई. कोणी विचारले तर आई म्हणे, “त्याला झोप लागत नाही हो, म्हणून ठेवल्यात.” खंडू पुढे आंधळा झाला, मागचे पाय लुळे पडले, कबुलायतीतील तिसऱ्या कलमाची मुदत भरत आली तेव्हा भाऊ छापखान्यातून परत येऊन रोज त्याला उचलून परसदारी नेत असे. २०११ च्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने अण्णांच्या वहाणा पुसून कपाटात ठेवल्या, आणि मगच ती मोकळेपणाने रडली; ते रडणे एकट्या खंडूसाठी नव्हते.

आता आम्ही नव्या पनवेलीत चौथ्या मजल्यावर राहतो, आणि भावाच्या मुलीने पिल्लासाठी हट्ट धरला आहे. “आत्या, तू दिवसभर घरी असतेस, मग अडचण काय?” असा तिचा सवाल आहे. अडचण ही, की कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते, आणि जामिनाने कर्जाहून अधिक काळ टिकले पाहिजे. माझ्या वयास ती हमी मी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. म्हणून या खेपेस जामीन तिचे आईवडील होतील आणि सुट्टीत कोण मागे राहणार याचा करार आधी होईल. भाऊ कबूल होत नाही. पुन्हा ते दुःख नको, असे तो म्हणतो, आणि खंडूला अखेरपर्यंत ज्याने उचलून नेले त्याचे हे म्हणणे मी समजू शकते. परंतु ते कारण म्हणून मी ग्राह्य धरणार नाही, कारण त्या दुःखाच्या भयाने १९९८ साली आम्ही दार लावले असते, तर त्याची वाट पाहत त्या रात्री जिन्यावर कोण बसले असते, हे त्यानेच मला सांगावे. कष्ट नकोत, वेळ नाही, प्रवास सोडवत नाही, यांपैकी कोणतेही कारण त्याने दिले तर मी तत्काळ माघार घेईन, कारण ती कारणे खरी असतात आणि ती दडवून आणलेल्या पिल्लाचे पुढे हाल होतात. तिन्ही कलमांखाली त्या दोघांच्या सह्या झाल्या की माझी हरकत नाही. त्या होईपर्यंत पिल्लू येणार नाही.