आवाजाचा इन्कम टॅक्स

घरात गाणारा माणूस असला तर तो शेजाऱ्यांना सोसावा लागतो. रेकॉर्डिंग करणारा असला तर मात्र घरच्यांनाच सोसावा लागतो. आमच्या चिरंजिवांनी झोपायच्या खोलीत स्टुडिओ थाटला, तेव्हापासून कुकर लावायचा तोसुद्धा परवानगी काढून. खिडकीला गाद्या, दाराला गोधड्या, पंखा बंद. कपाटाची दारं मात्र सताड उघडी, कारण हिच्या साड्या म्हणे आवाज फार छान शोषून घेतात. साड्यांचा हा उपयोग चाळीस वर्षांच्या संसारात मला सुचला नव्हता.

निमित्त होतं काकांच्या कीर्तनाचं. आमचे काका ब्याऐंशी वर्षांचे. उभी हयात देवळादेवळांतून नारदीय कीर्तनं केली, पण घरात त्यांच्या आवाजाची एक धड फीत नाही. "आजोबांचा आवाज आहे तोवर धरून ठेवू या," चिरंजीव म्हणाले. त्या 'तोवर'वर कुणी काही बोललं नाही.

पण काकांचा आवाज धरायचा म्हणजे वारा मुठीत धरायचा. एखादं वाक्य पुढच्या रांगेतल्या पोराच्या कानात सांगावं तसं सांगतील आणि पुढच्याच वाक्याला मांडवाचे खांब हलवतील. यावर उपाय म्हणून चिरंजिवांनी जुन्या बाजारातून एक पेटी आणली. म्हणाले, "कंप्रेसर आणलाय." मला वाटलं, आता फ्रिज दुरुस्त होणार!

मग त्यांनी मला तासभर समजावलं. मला कळलं ते एवढंच, की हा आवाजावरचा इन्कम टॅक्स आहे. एक उंबरठा ठरवायचा. त्याच्या आतला आवाज करमुक्त. पलीकडे गेला की कापाकापी सुरू. प्रमाण 4 ला 1 ठेवलं, तर उंबरठ्याच्या 8 डेसिबल वर गेलेल्याच्या हातात 2 डेसिबल पडतात. 10 ला 1 किंवा त्याहून कडक प्रमाण झालं की त्यालाच लिमिटर म्हणतात. तो टॅक्स नव्हे, जप्तीच! अटॅक म्हणजे वसुलीचा माणूस किती चपळाईनं दारात येतो ते आणि रिलीज म्हणजे तो किती वेळानं जातो ते. अमेरिकेत बिल पुटनम यांनी 1960च्या दशकात काढलेला 1176 नावाचा कंप्रेसर म्हणे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले वीस सरायच्या आत हजर होऊ शकतो. इतकी चपळाई मी फक्त गणपतीची वर्गणी मागणाऱ्यांत पाहिली आहे. शिवाय कापून झालं की सगळ्या आवाजाला सरसकट महागाई भत्ता देऊन वर उचलतात. त्यात मोठ्यांचं गेलेलं जेमतेम भरून येतं, पण बारीकसारीक मंडळी एकदम वर येतात.

काकांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. दोन तास उभं राहून, घामाघूम होऊन पुरं केलं. मग आम्ही ऐकायला बसलो. बारीकसारीक मंडळी खरोखरच वर आली होती. काकांचा श्वास, चौथऱ्याची करकर, बाहेरच्या खोलीतलं घड्याळ. झांज ताटल्यांसारखी वाजत होती. ती वाजली की काकांचा आवाज खाली बसे, थांबली की वर येई. कीर्तन लिफ्टमध्ये चाललंय की काय! फाटकी पुरचुंडी लपवत पुटपुटणारा सुदामा आणि "मित्रा!" म्हणून धावत येणारा द्वारकेचा राजा एकाच पट्टीत, एकाच जोरात बोलत होते.

काका शांतपणे म्हणाले, "मिठी मारल्याचं कळलं रे, पण यातला कृष्ण कुठला?"

"ती पेटी काढून टाक की यातून," मी म्हणालो. तर ते जमत नाही. आवाज त्या पेटीतून जाऊनच नोंदला गेला होता. भाजीत पडलेलं मीठ परत डब्यात भरता येत नाही. "मग लॅपटॉपमधला लिमिटर लावायचा." तोही कामाचा नाही. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही लक्ष्मणरेषा. ती आवाजानं ओलांडली तर त्याचं डोकं दारातच उडतं आणि लॅपटॉपमधला पहारेकरी बसलेला असतो माजघरात!

खरा उपाय फुकटातला निघाला. माईकचा जोर कमी ठेवायचा. जुन्या टेपवर हळू आवाज खरखरीत बुडायचा, म्हणून तो चढा ठेवावा लागे आणि चढा ठेवला की लिमिटरचा पहारा लागे. आता 24 बिटांच्या नोंदीत कागदोपत्री 144 डेसिबलची ऐसपैस जागा असते. काकांची वरची आरोळी शून्याच्या दहाएक डेसिबल खाली राहिली तरी सुदाम्याचं पुटपुटणं हरवत नाही. कंप्रेसर लावायचाच तर मागाहून, प्रतीवर आणि चिमूटभर.

पण काकांना पुन्हा उभं राहायला सांगायचं कुणी? चिरंजीव मान खाली घालून बसले. काकाच म्हणाले, "सुदामा एकदा द्वारकेला गेलाय, पुन्हा जाईल. पोहे तेवढे ताजे करा."

आठ दिवसांनी ते पुन्हा उभे राहिले. मधेच दोनदा बसले, पण आख्यान पुरं केलं.

ती फीत आता नातेवाइकांत फिरते. परदेशातल्या भाच्यांची तक्रार येते, की मोबाइलवर सुदामा नीट ऐकू येत नाही. मी त्यांना सांगतो, "बाबांनो, आवाज वाढवू नका, कान जवळ न्या." देवळात काकांचा सुदामा बोलू लागला की माणसं अशीच पुढे सरकून बसायची.