चौथ्या क्रमांकावर गिब्सन

फेब्रुवारी अर्ध्यावर येतो तेव्हा फ्लोरिडातल्या ब्रॅडन्टनला पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघाचे पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात; बाकीचा संघ मागाहून येतो. इकडे पिट्सबर्गात नद्यांवरून अंगाला झोंबणारा वारा सुटलेला असतो, फुटपाथच्या कडेचा बर्फ मळून काळा पडलेला असतो. त्याच दिवसांत एका रात्री जेवणं आटोपली की मी टेबल पुसून घेते आणि कपाटातून पत्त्यांचा खोका काढते. एका खेळाडूचा एक पत्ता, त्यावर त्याच्या कारकिर्दीचे आकडे, सोबत फासे. माझ्या या लीगमध्ये १९०५ सालचा बॅटर २०२५ सालच्या पिचरसमोर उभा राहतो. माझा संघ अर्थात पिट्सबर्गचा.

पिट्सबर्गचा म्हणजे तिन्ही संघांचा. पायरेट्स तर आहेतच, पण १९३०च्या दशकात याच भागात होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे कृष्णवर्णीय खेळाडूंचे दोन संघ होते. मेजर लीगची दारं त्यांना बंद होती. पायरेट्स बाहेरगावी गेले की त्यांचं मैदान, फोर्ब्ज फील्ड, ग्रेज भाड्यानं घेत. होनस वॅग्नर १९३३ पासून १९५१ पर्यंत पायरेट्सचा कोच होता. म्हणजे ज्या मातीवर तो सकाळी पोरांना शिकवायचा, तीच माती आठवड्याभरानं ग्रेजचा कॅचर जॉश गिब्सन याच्या बुटांखाली असायची. दोघं एका संघात मात्र कधीच नव्हते. माझ्या संघात वॅग्नर शॉर्टस्टॉप आहे, तिसऱ्या क्रमांकावर बॅटिंग करतो आणि त्याच्या पाठोपाठ गिब्सन येतो.

यंदा सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो तिसऱ्या बेसनं. पाय ट्रेनर की जुडी जॉन्सन? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक पायरेट्सकडून तिथे उभा राहायचा, दुसरा क्रॉफर्ड्सकडून. एकच शहर, एकच जागा, दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये. तीन रात्री मी दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बसले. शेवटी ट्रेनरला घेतलं, आणि जॉन्सनचा पत्ता खोक्यात ठेवताना हात जड झाला. मोसमाच्या मध्यावर अदलाबदल करणार, हे मनाशी पक्कं केलंय.

बाकी फळीची चिंता नाही. पहिला कूल पापा बेल, त्याच्या पायांत वारं आहे. पहिल्या बेसवर बक लेनर्ड, सेंटर फील्डला ऑस्कर चार्ल्स्टन, उजवीकडे रॉबर्टो क्लेमेंटे. क्लेमेंटेचे बरोबर ३,००० हिट्स. पुढचा हिट व्हायचाच राहिला, कारण ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. दर वर्षी त्या दिवशी मी खोका उघडत नाही.

पिचिंग मात्र आपलं दुबळं अंग आहे. सॅचेल पेज आणि पॉल स्कीन्स, हे दोघं असले की जिंकायची खात्री. तिसऱ्या दिवशी बेब ॲडम्स निभावून नेईल. चौथ्या दिवसाचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. पेज थकेल अशी भीती नाही. वयाच्या ५९व्या वर्षी, १९६५ साली, त्यानं मेजर लीगच्या सामन्यात तीन इनिंग्ज टाकल्या आणि एकही रन दिली नाही. तरी रूथ, गेरिग, डिमॅजिओ, मँटल असलेल्या न्यूयॉर्कच्या पुढे आपण जाणार नाही. दुसरा क्रमांक, हा माझा अंदाज.

राहता राहिलं मैदान. मी फोर्ब्ज फील्डच घेतलं. ते १९७० साली बंद झालं आणि पुढे पाडलं गेलं, पण मागची विटांची भिंत थोडी उरली आहे, विद्यापीठाच्या इमारतींमध्ये. गेल्या रविवारी तिथे जाऊन आले. वाळलेल्या वेलीच्या काड्या विटांना धरून होत्या, फटींत बर्फ बसला होता. भिंतीवर ठसठशीत आकडा आहे: ४५७ फूट. हातमोजा काढून मी वीट चाचपली; गार, खरखरीत, एका कोपऱ्यावर टवका उडालेली. डावीकडे चेंडू भिरकावणाऱ्या उजव्या हाताच्या बॅटरला हे मैदान जिवावर यायचं.

जानेवारी १९४७मध्ये पायरेट्सनी हँक ग्रीनबर्गला विकत घेतलं, आणि त्याच्या सोयीसाठी डावीकडचं कुंपण तीस फूट आत आणलं. त्याच जानेवारीच्या २० तारखेला, याच शहरात, ३५ वर्षांचा गिब्सन वारला. पुढच्या तीन महिन्यांत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि कृष्णवर्णीयांना बंद असलेली दारं उघडली. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत साधी पाटीसुद्धा नव्हती. २०२४च्या मे महिन्यात कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदीत घेतले गेले, आणि गिब्सनची .३७२ ही सरासरी टाय कॉबच्या .३६७च्या वर जाऊन बसली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले होते.

ते आत आणलेलं कुंपण माझ्या मैदानात घालावं का, यावर बराच विचार केला. गिब्सनचे होमरन वाढतील, शंकाच नाही. पण घातलं नाही. तो ज्या मैदानावर खेळला तेच त्याला द्यायचं, ४५७ फूट तर ४५७.

वहीत यादी लिहून झाली. चौथी ओळ: गिब्सन, कॅचर. मग खोक्यातून पहिले दोन पत्ते काढले आणि टेबलावर समोरासमोर ठेवले, पेजचा आणि गिब्सनचा. बाकीचे मागाहून येतील.