बोटीवर असतात

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांत "घरचे काय करतात?" या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं : "बोटीवर असतात." कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी भंडारी. माझ्या सासऱ्यांनी आगवाला म्हणून बॉयलरमध्ये कोळसा टाकला. माझे यजमान त्याच इंजिनरूममधून चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाले. १९८५ साली आमचं लग्न झालं तेव्हा हे वीस दिवस घरी होते, आणि त्यानंतर अकरा महिने नव्हते.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुंबईहून पणजीला समुद्रातून गेलो. यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची चौतीस फुटी शिडाची बोट आहे, डिझेल इंजिन असलेली. त्यानं ती दिली, आणि सोबत हर्णैचा एक तांडेल दिला. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. मुक्काम करत करत अकरा दिवस लागले.

या वाटेवर पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत प्रवासी बोट चालायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घ्यायची आणि पावसाळ्यात बंद असायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या वर चढवायच्या. लहानपणी मी तिच्यातून दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा मला बोट लागली होती. यावेळी लागली नाही. तांडेलानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "चाची, खाली बसू नका, वर बसा आणि लांब बघत राहा." तेवढ्यानं भागलं.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. ऊन चढलं की तो पडतो, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. म्हणून फजरची नमाज झाली की नांगर उचलायचा, भर उन्हात वारा पडला की इंजिन लावायचं, आणि दुपारी शीड सोडायचं. रात्री चालायचं नाही, कारण जाळी पसरलेली असतात आणि पंख्यात अडकतात. पहिली रात्र राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याच्या आत काढली, दुसरी दाभोळला.

दाभोळला पाण्याच्या अगदी जवळ जुनी शाही मशीद आहे. तिला मासाहेबांची मशीदही म्हणतात. विजापूरची एक शहजादी १६५९ च्या सुमारास हजला जायला मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन इथं आली, पण समुद्रावरची वाट धोक्याची म्हणून तिला पुढे जाता आलं नाही, तेव्हा तिनं तो पैसा या मशिदीवर खर्च केला, असं सांगतात. ही कथा मी पूर्वी अनेकदा ऐकली होती. तेव्हा माझं लक्ष घुमटाकडे आणि खर्चाकडे असायचं. या खेपेला बोटीतून मशिदीकडे बघताना वाटलं, किनाऱ्यावर थांबलेल्या बाईनं केलेलं काम या बंदरात अजून उभं आहे, आणि तिच्या काळात इथून सुटलेल्या एकाही गलबताची फळी शिल्लक नाही.

चौथ्या दिवशी जयगड आलं. आमचं गाव याच खाडीत आत आहे. मी विचारलं, "इथून घर दिसतं का हो?"

"नाही," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कोचीनला जाताना कधी कधी इथून बाहेरून गेलोय. रात्र असली तर जयगडचा दिवा लांबून दिसायचा. ब्रिजवरून फोन करून मला सांगायचे. मी वर येऊन बघायचो, आणि परत खाली जायचो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तुम्ही सगळे झोपलेले असणार."

आम्ही झोपलेले नसायचो. मोठी मुलगी झाली तेव्हा हे ब्राझीलच्या वाटेवर होते आणि तार नवव्या दिवशी पोचली. धाकट्याचा टायफॉइड, सासऱ्यांचं आजारपण, मयत, घराची कौलं, जमिनीचा दावा, सगळं सासूबाईंनी आणि मी पाहिलं. बोटीवरच्या कामाचा पगार होता, रजा होती, हुद्दा होता. आमचं काम "घरीच असते" या दोन शब्दांत संपायचं. हे सगळं त्या संध्याकाळी जयगडच्या खाडीत मी पहिल्यांदा यांना तारीखवार सांगितलं. यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तांडेल पुढे जाऊन जाळं शिवत बसला.

रत्नागिरीत दोन रात्री थांबलो. बर्फ, पाणी, डिझेल भरलं, हापूसची एक पेटी घेतली. थिबा राजवाड्यातही गेलो. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. तीस वर्षं परतीची बोट मिळाली नाही. पुढे विजयदुर्ग, मालवण, आणि मग मांडवीच्या मुखातून पणजी. तोवर सुकाणू धरायला मी शिकले होते. हे खाली इंजिनपाशी, मी वर, असं आमचं आपोआप ठरून गेलं.

आमच्या मोहल्ल्यांत बोटीवर गेलेल्या पुरुषांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. लंडनची गोदी, लढाईत बुडालेल्या बोटी, हाजी घेऊन जिद्दाला जाणारी मुघल लाइन. त्या सांगायलाच हव्यात. पण त्याच काळात घरी कोण होतं, पैसे कसे पुरवले, कुणाची मयत कुणी उचलली, याची नोंद कुठेच नाही. तुमच्या घरात अशी एखादी दादी, नानी, सासू असेल तर या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिला तारखा पाठ असतात. आणि घरात बोटीवरून आलेला माणूस असेल, तर त्यालाही ऐकायला बसवा.