पंच म्हणून अपात्र, आमदारकीस पात्र

गावच्या पंचायतीसाठी मी भरलेला अर्ज छाननीत नामंजूर झाला, याचा सल अद्याप गेलेला नाही; आणि ज्या कारणास्तव तो नामंजूर झाला ते विधानसभेच्या उमेदवारास मुळीच लागू नाही, हे कळले तेव्हाचे आश्चर्यही ओसरलेले नाही. आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात, 2016 च्या गुढीपाडव्यापासून स्त्रियांना चौथऱ्यावर जाता येते, हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. त्याची उजळणी करीत नाही.

कारण एवढेच, की मला तीन अपत्ये असून धाकटा 2003 साली जन्मला. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले की आईबाप पंच होण्यास अपात्र ठरतात. प्रतिपक्षाच्या एका इसमाने जन्मनोंदीचा उतारा हजर करून हरकत घेतली, अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारले, "बाई, शेवटची दोन जुळी तर नव्हेत?" प्रश्नात चेष्टा नव्हती, उलट दयाच होती, कारण एका अपत्यानंतर झालेली जुळी कायदा एकच धरतो. मी नाही म्हणाले, आणि त्याने शेरा लिहिला. त्याची बिचाऱ्याची चूक कोणती? परंतु ज्या धाकट्याचे नाव त्या उताऱ्यावर होते, तो शाळेत असताना त्याच्याच पालकत्वाच्या आधारे मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात. म्हणजे जो मुलगा एका कायद्यापुढे माझी पात्रता, तोच दुसऱ्यापुढे माझा अपराध! शाळेच्या पाण्यासाठी, छपरासाठी मी ज्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्यांपैकी एकीनेही मला मुले किती, हे विचारले नव्हते.

रागाच्या भरातच 2024 साली नेवासे मतदारसंघातून अपक्ष अर्ज भरला. दहा सूचक, दहा हजार रुपये अनामत आणि प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रात अपत्यांचा जन्म केव्हा झाला हा प्रश्नच नाही. अवलंबित असतील तर त्यांच्या नावे जमीन, सोने, ठेवी किती, एवढेच सरकारास जाणून घ्यायचे असते. अर्ज मंजूर झाला. विठ्ठलराव लंघे शंकरराव गडाखांचा पराभव करून निवडून आले, आणि माझी अनामत, एकषष्ठांश मते न मिळाल्याने, जप्त झाली. त्याचे दुःख नाही.

नियम करणाऱ्यांनी तो स्वतःस लावू नये आणि गावकऱ्यांस लावावा, हा न्याय मला समजत नाही. मर्यादा हवीच असेल तर ती विधानभवनापासून आरंभावी. कुटुंब लहान ठेवा, असे मीच कितीएक घरी सांगत फिरले आहे, आणि आजही दोन अपत्ये पुरेत असेच म्हणेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील जननदर 1.7 वर आला, म्हणजे ज्या भयापोटी नियम झाला ते भयच उरले नाही. तरीही तो उद्या रद्द झाला तर मला आनंद होईलच, असे सांगवत नाही. मी जे भोगले ते पुढचीने का भोगू नये, असा क्षुद्र विचार मनात येतोच.

पंचायतीच्या पुढील निवडणुकीत थोरली मुलगी अर्ज भरणार आहे. तिला दोन अपत्ये आहेत. तिच्या प्रभागातील मतदारांनी यादीत आपले नाव आहे की नाही, हे आताच पाहून घ्यावे.